भाजलेला हात

कोडावर औषध ठाऊक नाही असा माणूस मला आजवर भेटलेला नाही. बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा आधी माझ्या हाताकडे बघते, मग तोंडाकडे, मग खिडकीबाहेर, आणि स्टँड यायच्या आत तिला कुणाच्या तरी भाच्याला कुठल्या तरी वैद्याचा आलेला गुण आठवतो. बावची लावा. तुळशीचा रस लावा. आंबट सोडा. लहानपणी दुधावर मासे खाल्ले होते का? नाही हो बाई, आमच्या घरात मासे शिजतच नव्हते. मग ती जराशी हिरमुसते. मी आता वाद घालत नाही. "बरं, लावून पाहीन," म्हणते आणि डोळे मिटून घेते. या वयात तेवढंच जमतं.

पण काही वर्षं अशीही गेली की मला कुणी औषध सांगत नव्हतं, कारण मला कोड आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. सासरच्या गावात मी धांदरट सून म्हणून प्रसिद्ध होते. चुलीजवळ गेले की भाजून घेणारी. ते कसं झालं ते सांगते, म्हणजे एकदाचं सांगून होईल.

माझं माहेर सिंदी रेल्वेचं. वडील कापसाच्या दलालाकडे लिहिण्याचं काम करायचे, आई घर सांभाळायची. तेव्हा आमच्या मोहल्ल्यात प्रत्येकाच्या अंगाला काही ना काही असायचंच. उन्हाळ्यात घामोळं, पावसाळ्यात चिखल्या, पोरांना खरूज, बाप्यांना नायटा, तरण्या पोरींना तोंडावर पुटकुळ्या, बाळंतिणींना गालावर वांग. त्याची लाज कुणाला नव्हती. बायका ओट्यावर बसून एकमेकींच्या पोरांना गंधकाचं तेल चोळायच्या. आमच्या समोरचा दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मजेत नायटा खाजवायचा आणि त्याच हाताने गूळ द्यायचा. फक्त पांढऱ्या डागाचं नाव निघालं की बायकांचा आवाज खाली यायचा.

माझा डाग डाव्या मनगटावर आला, आतल्या बाजूनं, बांगड्यांच्या खाली. आधी तुरीच्या डाळीएवढा, मग चिंचोक्याएवढा. आई म्हणाली, घामाचं शिबं असंल, जाईल. गेलं नाही. मग एक दिवस तिनं मला नवं लुगडं नेसवलं, शेजारी सांगितलं की मावशीकडे चाललो, आणि रेल्वेनं वर्ध्याला डॉक्टरकडे नेलं. आमच्या जिल्ह्यात महारोगावर उपचार होत, त्यामुळे तसले रोगी रस्त्यात पुष्कळ दिसत, आणि कुठलाही पांढरट डाग पाहिला की माणसाच्या मनात पहिल्यांदा तेच यायचं. आईच्या मनातही तेच होतं. गाडीत ती एक शब्द बोलली नाही.

डॉक्टरनं मला डोळे मिटायला सांगितले. डागावरून कोंबडीचं पीस फिरवलं. "काही लागते?" मी म्हटलं, गुदगुल्या होतात. मग टाचणी टोचली. मी हात ओढला. तो हसला. म्हणाला, "महारोग नाही. कातडी जिवंत आहे." आईनं तिथंच हात जोडले. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. मग तो म्हणाला, "हे कोड आहे. रंग गेला, बाकी काही नाही. शिवल्यानं लागत नाही. बावचीचं तेल लावून उन्हात धरा, कुणाकुणाला गुण येतो. खात्री नाही." आईचे जोडलेले हात तसेच राहिले. एक दुःख घेऊन आत गेली होती, दुसरं घेऊन बाहेर आली.

परतीच्या गाडीत मात्र बोलली. "कोणाले सांगू नको. महारोग नाई हे बी सांगू नको."

"ते काऊन?" मी विचारलं.

"नाई म्हणलं तं लोक विचारतीन, मंग काय हाय."

आईची अक्कल अशी होती. शाळेत गेली नव्हती, पण लोकांना ओळखून होती.

बावचीचं तेल लावून उन्हात बसायचं तर लोक विचारणार. म्हणून मला पापडांची राखण करायला बसवलं जायचं. त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात इतके पापड वाळले की शेजारीण म्हणाली, तुमच्याकडे काय दोन लग्नं हायेत? मी हात उलटा धरून बसायची. मनगट लाल व्हायचं, आग व्हायची, डागाच्या भोवतीची चांगली कातडी काळी पडायची आणि डाग आणखी पांढरा दिसायचा. आई बांगड्या वाढवत गेली. शेवटी माझा डावा हात हलला की बैलगाडी आल्यासारखा आवाज व्हायचा.

तेवढ्यात स्थळ आलं. समुद्रपूरच्या पलीकडच्या एका गावातलं. मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर, घरी थोडी शेती, आई आणि एक लहान बहीण. वडील नव्हते. बाबांना स्थळ आवडलं. आई गप्प झाली, कारण पाहायला बायका येणार होत्या.

पुरुष पाहायला आले तर नाव विचारतात, वाचून दाखव म्हणतात, पोहे खातात आणि जातात. बायकांचं तसं नसायचं. त्या पोरीला आतल्या खोलीत घेऊन जायच्या. केस सोडायला लावायच्या. चालायला लावायच्या. पावडर नाहीतर स्नो थापला असेल म्हणून पदराचं टोक पाण्यात बुडवून गाल पुसून पाहायच्या. मग बांगड्या वर सरकवायच्या. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. माझ्या आईलाही असंच पुसलं होतं आणि तिनंही पुढे भावजयांना पुसलं होतं.

बांगड्या वर सरकवल्या की संपलं, हे आम्हा दोघींना कळत होतं. कोड निघालं असा बोभाटा झाला असता तर दुसरं स्थळ आलंच नसतं. त्या काळात माझ्यासारख्या पोरीचं लग्न नाही झालं तर तिनं जायचं कुठं? मास्तरीण होण्याइतकी मी शिकले नव्हते. भावाचं लग्न झालं की भावजयीच्या हाताखाली जन्म काढायचा, एवढंच.

तेव्हा आईला बिब्बा सुचला.

आमचा वरठी, म्हणजे धोबी, कपड्यांवर बिब्ब्यानं खूण करायचा. कपडा विरून जातो, पण ती काळी खूण जात नाही. आईनं विचार केला, जो डाग भट्टीत जात नाही तो ओल्या पदरानं काय जाईल. आता बिब्बा उततो, अंगावर फोड आणतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आईलाही ठाऊक होतं. पण पायात काटा मोडला, टाचेला भेग पडली की ती स्वतः बिब्ब्याचा चटका द्यायची, आणि कुणाला काही होत नसे. टाचेची कातडी वेगळी आणि मनगटाच्या आतली वेगळी, हे त्या दिवशी तिच्या लक्षात आलं नाही. घाबरलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही.

तिनं सुईच्या टोकाला बिब्बा टोचून दिव्यावर धरला. काळं तेल सुटलं. माझा हात मांडीवर घेऊन तिनं तो डाग भरला. रांगोळी भरावी तसा, काठ न चुकवता. काम झाल्यावर दोघींनी पाहिलं. डाग काळाकुट्ट झाला होता, माझ्या रंगाच्या जवळपासही नव्हता. आई म्हणाली, "दोन रोजात उतरन थोडा."

उतरला नाही, उतला. आधी खाज, मग आग, मग पाण्याचे फोड, आणि कोपरापर्यंत सूज. आईनं खोबरं चावून लावलं, तीळ वाटून लावले. मी कण्हत होते आणि ती माझ्यापेक्षा जास्त रडत होती. "म्याच तुह्या हाताचं वाटोळं केलं वं माय," म्हणायची. बाबांना सांगितलं, तेल उडालं. बाबांनी ते खरं मानलं. पाहुण्यांना नका येऊ म्हणून कळवायलाही वेळ नव्हता.

पाहुण्या आल्या. मुलाची आई उंच, वाळकी, आवाजाला खणखणीत बाई होती. फिकं नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू पुसल्याची जागा. तिनं माझे गाल पुसले, पाय पाहिले, केस पाहिले. मग हाताला गुंडाळलेला कपडा पाहिला.

"हे काय झालं?"

"भजे तळून राह्यली होती," आई म्हणाली. "तेल उडालं."

त्या बाईनं कपडा सोडला. तिनं फोडांकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. "बाप्पा, लय भाजलं वं," म्हणाली, आणि कपडा पुन्हा गुंडाळला, हलक्या हातानं. बाहेर जाता जाता आईला म्हणाली, "चुलीपाशी जाते म्हणून भाजते. पाटावर बसून राह्यणारीले काय भाजन?"

लग्न ठरलं.

हळद लागेपर्यंत खपल्या पडल्या आणि खालून नवी कातडी आली. सगळी पांढरी. चिंचोक्याएवढा डाग होता तो तळहाताएवढा झाला होता. आई ते पाहून भिंतीला टेकून बसली. पण आता त्या डागाला नाव मिळालं होतं. भाजलेलं. भाजलेलं चालतं. भाजलेलं कुणालाही होतं, त्यात कुळाचं काही निघत नाही.

नवऱ्यानं हात पाहिला तेव्हा विचारलं, "दुखते का?" मी म्हटलं, नाही. "मंग झालं," म्हणाला आणि वही तपासायला बसला. तो तसाच होता, शेवटपर्यंत. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, पण आधार म्हणावा असाही तो नव्हता. घर सासूच्या हातात होतं. मी तिला आत्याबाई म्हणायची.

वर्षभरात दुसरा डाग आला, पायाच्या घोट्यावर. मी तोरड्यांखाली लपवला. पण सारवताना लुगडं वर खोचावं लागतं. मी ओसरी सारवत होते, आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि बराच वेळ गेल्या नाहीत.

"हे कायचं?"

माझा शेणाचा हात तसाच राहिला.

"हे बी तेल उडालं का?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी एकदा घोट्याकडे पाहिलं, एकदा मनगटाकडे. त्यांना सगळं कळल्याचं तोंडावर दिसलं. त्या आत गेल्या. मी ओसरी पुरी सारवली, कारण अर्धी सोडता येत नाही, आणि मनातल्या मनात गाठोडं बांधलं. फसवून पोरगी दिली म्हणून माघारी धाडलेल्या बायका मी सिंदीत पाहिल्या होत्या. त्यांना कुणी हाक मारत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी विहिरीवर गेलो. नेहमीच्या बायका होत्या. आत्याबाईंनी घागर खाली ठेवली आणि कुणी न विचारताच म्हणाल्या, "काल पायावर ऊन पाणी सांडून घेतलं इनं. लय धांदरट हाय बाई आमची सून."

माझ्या हातातला दोर सुटता सुटता राहिला. मला वाटलं, हिचे पाय धरावेत.

मग ते सुरूच झालं. कोपरावर डाग आला, तवा लागला. गुडघ्यावर आला, दूध उतू गेलं. मानेवर आला तेव्हा त्यांना जरा विचार करावा लागला, पण फोडणी उडाली. गावातल्या बायका माझी कीव करायला लागल्या. एक म्हणाली, सूनबाई, सांडशी वापरत जा. दुसरीनं लेकीच्या हाती कोरफड पाठवली. सणासुदीला कुणाच्या घरी तळण असलं की मला लांब बसवायचे, तू भाज्या चिर, कढईकडे येऊ नको. हे मला, जिची भाकरी टम्म फुगायची. आमच्या मोहल्ल्यात माझ्या पुरणपोळीचं नाव होतं. मला राग यायचा. खरं सांगते, कोडापेक्षा त्या धांदरटपणाचा जास्त राग यायचा. आणि राग गिळून मी हसायची, कारण तेच माझं छप्पर होतं. रोज सकाळी अंग चाचपून पाहायची, आज कुठं नवीन निघालं, आज काय सांगतील, आणि एखाद्या दिवशी नाही सांगितलं तर?

त्या माझ्यासाठी खोटं बोलतात, असंच मी धरून चालले होते. नणंदेला पाहायला पाहुणे आले तेव्हा तो समज गळून पडला. त्या दिवशी आत्याबाईंनी मला पहाटेपासून चुलीपुढे बसवलं आणि उठू दिलं नाही. पाहुण्या बायका आत आल्या. त्यांनी नणंदेला पुसलं, चालवलं. मग एकीनं माझ्याकडे बोट केलं. "सुनेच्या अंगाले काय?"

"भाजलं," आत्याबाई म्हणाल्या. "दिसत नाई का, चुलीपाशीच राह्यते."

आवाज खणखणीत होता, पण त्या बघत होत्या नणंदेकडे. तेव्हा मला उमगलं. घरात कोड आहे म्हटलं तर नणंदेला कुणी केलं नसतं. मी दुसऱ्या घरची, ती त्यांच्या पोटची, माझ्या कातडीचं तिला काय लागणार? पण लोक हा हिशेब करत बसत नाहीत. एवढी वर्षं त्या लेकीला वाचवत होत्या. मला वाईट वाटलं. नाही कसं म्हणू? आईच्या जागी मानलं होतं मी त्यांना.

नणंदेचं लग्न झालं. पुढे ती बाळंतपणाला आली, मुलगा झाला, बाळाला घेऊन सासरी गेली. आणि त्याच सुमारास माझ्या ओठाच्या कडेला पांढरं दिसायला लागलं.

विहिरीवर एका बाईनं पाहिलं. आता तर बायका स्वतःच कारण पुरवायच्या. "चहानं पोळलं का वं तोंड?" तिनं विचारलं.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या दोर ओढत होत्या. घागर काठावर घेतली, दोर माझ्या हातात दिला, चुंबळ डोक्यावर ठेवली, आणि म्हणाल्या, "कोड हाय तिले. पयलेपासून हाय."

मग जिनं मला कोरफड पाठवली होती तिनं आपली घागर माझ्या घागरीपासून थोडी लांब सरकवली. दुसरी माझ्या हातातला दोर घ्यायला आली होती, ती थांबली. म्हणाली, तू भर, मी मंग भरतो. मला सगळं दिसत होतं. आत्याबाईंनाही दिसत होतं. त्यांनी भरलेली घागर खाली उतरवली, माझ्या हातातला ओला दोर घेतला, आणि गरज नसताना आणखी एक बादली ओढली. त्यातलं ओंजळभर पाणी प्याल्या. मग घागर उचलून घरी निघाल्या. मी मागून.

घरी आल्यावर मी विचारलं. "काऊन सांगितलं आत्याबाई?"

"पोरीच्या मांडीवर पोरगा आला. आता तिले कोणी माघारी धाडत नाई." त्या ओसरीवर बसल्या आणि पाय लांब केले. "थकली मी. रोज उठून काय भाजलं ते कुठून आणू?"

"मंग मले धाडता का माहेरी?"

मी काहीतरी बावळट बोलले असावे अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "धाडाचं असतं तं सारवून राह्यली होती त्याच रोजी धाडलं असतं. निस्तं पोरीसाठीच झाकाचं असतं, तं तुले माहेरी धाडून बी झाकलं असतं. सून नांदली नाई म्हणलं असतं, झालं." मग म्हणाल्या, "जाय, भाकरी टाक. भूक लागली."

मी चुलीपुढे बसले आणि रडले. धुराचं निमित्त होतं. कोड आल्यापासून मी एकदाही मोकळी रडले नव्हते. आई रडायची, त्यामुळे माझी पाळी यायची नाही. भाकरी टाकली. टम्म फुगली. आत्याबाईंच्या ताटात वाढली. त्यांनी तुकडा मोडला, चावला, आणि ताटातच बघत म्हणाल्या, "भाकरी बाकी तुह्यासारखी गावात कोणाले येत नाई. लोकाले उगाच सांगत गेली मी."

पुढे त्या विहिरीवर काही बायका पुन्हा माझ्या शेजारी आल्या, काही कधीच आल्या नाहीत. कोड पसरत गेलं. आता माझ्या अंगावर मूळ रंगाचेच डाग राहिलेत, बाकी सगळी पांढरी आहे. आत्याबाईंना जाऊन किती तरी वर्षं झाली. मी थकले आहे आणि मला कुणाचं औषध नको आहे. पण बसमधल्या एखाद्या बाईनं दबक्या आवाजात, मला बरं वाटावं म्हणून विचारलं, "भाजलं का हो?" तर मी डोळे मिटत नाही. सरळ बसते आणि सांगते, कोड आहे बाई. मला चुलीनं कधी चटका दिला नाही.